एक खडाही न लागलेला माणूस

दूध उतू जायच्या बेतात असताना दार वाजलं, तेव्हाच मी ओळखलं की येणारी व्यक्ती मोठी असणार. साधी माणसं येण्याआधी फोन करतात.

सकाळची वेळ. सासूबाई कपाळावर सरकवलेला चष्मा घरभर शोधत होत्या. आमचे हे न्हाणीघरात होते आणि अंगावर पाणी घेऊन झाल्यावर, रोजच्याप्रमाणे, त्यांना टॉवेलची आठवण झाली होती. माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून समोरच्या भिंतीकडे एकटक बघत मान हलवत होते. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. भिंतीवर मी सफरचंदावरचं छोटं गोल लेबल चिकटवलंय. नजर त्या लेबलावर ठेवायची आणि मान हलवायची, असा व्यायाम त्यांना फिजिओथेरपीच्या बाईंनी दिलाय. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस भिंतीला ठामपणे नाही म्हणतोय. उभ्या जन्मात कुणाला नाही न म्हणालेल्या माणसाला निदान भिंतीला तरी नाही म्हणता यायला लागलं, हेही थोडं नव्हे.

"टॉवेल!" न्हाणीघरातून गर्जना झाली.

भाऊजींची मान सर्रकन मागे वळून वर गेली आणि पुढच्याच क्षणी त्यांनी दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं. टेबल कुठेही चाललं नव्हतं. पण भाऊजींच्या हिशेबी ते निघालं होतं.

आणि तेवढ्यात दार वाजलं.

दारात खाणीचे मॅनेजरसाहेब. त्यांच्यामागे मुकादम. मुकादमाला खाणीत सगळे होयबा म्हणतात आणि तो त्यालाही हो म्हणतो.

"वहिनी, आत येऊ का?" साहेबांनी आत येऊन, खुर्चीत बसून विचारलं.

"या ना," मी म्हटलं, आणि मागे दूध उतू गेलं.

साहेब भाऊजींची तब्येत बघायला आले होते. अपघाताला तीन-चार महिने होऊन गेले होते. खाणीपासून आमचं घर चालत येण्याइतकं जवळ आहे, पण काळजी मोठ्या माणसाची असली की तिला पोचायला वेळ लागतो.

भाऊजी दगडाच्या खाणीत काम करतात. तिथे कड्याला भोकं पाडून सुरुंग ठासतात, बत्ती देतात, कडा फोडतात. त्याची खडी होते आणि त्या खडीवर इतरांची घरं उभी राहतात. बत्ती देण्याआधी कड्यावरच्या अरुंद पायवाटेवरून फिरत, ओरडून सगळ्यांना लांब पिटाळायचं, हे भाऊजींचं काम. पूर्वी त्यासाठी एक भोंगा होता. तो बिघडला तेव्हा भाऊजींना दोन दिवसांपुरतं उभं केलं. त्यांचा आवाज ऐकल्यावर भोंगा दुरुस्त करायचा विचारच कुणी केला नाही. तेव्हापासून त्यांचं नाव भोंगा पडलं, आणि पगार मात्र माणसाचाच राहिला.

खाणीत आणखी एक रीत आहे. मागून कुणी हाक मारली तर "काय?" म्हणून विचारायचं नाही. आधी गर्रकन वळायचं आणि मान वर करून कड्याकडे बघायचं. कारण तिथे हाक सहसा चहाला मारत नाहीत. वरून दगड सुटलेला असतो. "काय?" विचारणाऱ्याला उत्तर वरूनच मिळतं. भाऊजी मिसरूड फुटल्यापासून त्या खाणीत आहेत. हाक आली की त्यांची मान त्यांना विचारायला थांबत नाही.

त्या दिवशी सुरुंग उडाले. खाणीतली माणसं बार मोजतात. जेवढ्या बत्त्या दिल्या तेवढे बार ऐकू आले पाहिजेत. एक कमी भरला. मग थांबायचं, कुणी जवळ जायचं नाही, हा नियम तिथे लहान पोरालाही पाठ आहे. भाऊजी म्हणाले, "साहेब, एक राहिलाय."

पण ट्रकची रांग लागली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. साहेब म्हणाले, "दोन एकदम उडाले असतील."

हे वाक्य फार सोयीचं आहे. ट्रक उभे असले की खाणीत नेमके दोन बार एकदम उडतात. ट्रक नसले की एकेकटे उडतात.

माणसं पुढे सरकायला लागली. भाऊजी हात पसरून त्यांना अडवायला गेले. मागून साहेब ओरडले, "ए भोंग्या, सोड त्यांना!" भाऊजी गर्रकन वळले, मान वर केली, आणि राहिलेला बार उडाला.

भाऊजींना एक खडाही लागला नाही. खडे सगळे शेजारी उभ्या असलेल्या डंपरने खाल्ले. भाऊजींना लागली ती नुसती हवा. त्या हवेने त्यांना उचललं आणि आपटलं. थोडा वेळ ते कुठेच नव्हते. मग उठून बसले आणि जो दिसेल त्याला विचारत राहिले, "बार किती झाले? किती झाले?" उत्तर मिळालं तरी पुन्हा तेच.

डंपरचा पत्रा चेपला होता. तो दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेला. भाऊजींचा पत्रा शाबूत होता, म्हणून ते घरी आले.

"नशीबवान आहेस लेका," जो तो म्हणायचा. "एक खडा लागला नाही!"

दवाखान्यात डोक्याचा स्कॅन झाला. तो इतका स्वच्छ निघाला की डॉक्टर खूश झाले. "डोक्यात काहीही नाही," ते म्हणाले.

"ते मी लहानपणापासून सांगतोय," आमचे हे म्हणाले. विनोद करायची वेळ त्यांना नेहमीच अशी अचूक सापडते. मात्र परत येताना गाडीत धाकट्या भावाचा हात त्यांनी घर येईपर्यंत सोडला नव्हता, हेही सांगायला हवं.

मग गरगर सुरू झाली. भाऊजींनी झोपेत कूस बदलली की खोलीही कूस बदलायची. वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की फळी खाली आणि ते वर. बाजारात माणसं इकडून तिकडे जायला लागली की ते खांबाला धरून उभे. अंधारात तर त्यांना आपण उभे आहोत की आडवे हेही पायांना विचारावं लागे. बोळातून जाताना ते एक बोट भिंतीला टेकवून चालतात. पांढऱ्या भिंतीवर कमरेच्या उंचीची एक करडी रेघ उमटलीय, बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सासूबाईंनी पूर्वी भिंतीला हात लावणाऱ्याची गय केली नसती. ती रेघ मात्र त्या पुसू देत नाहीत.

आंघोळीची तऱ्हा तर विचारू नका. तोंडाला साबण लावला की डोळे मिटावे लागतात, आणि डोळे मिटले की भाऊजी पडतात. म्हणून ते एक डोळा उघडा ठेवून साबण लावतात. न्हाणीघरातून बाहेर येतात ते डोळा लालभडक घेऊन. लाल डोळा, वाकडे पाय, भिंतीचा आधार. शेजाऱ्यांना पुराव्याला आणखी काय हवं?

"प्यायला लागलाय वाटतं," वरच्या मजल्यावरच्या काकू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. "माझ्यापासून कशाला लपवतेस?"

"तुमच्यापासून काय लपणार, काकू," मी म्हटलं.

उपाय सांगायला मात्र सगळे हजर. कुणी म्हणालं, अशक्तपणा. कुणी म्हणालं, मोबाईल कमी बघ. ज्याने मोबाईल कमी बघायला सांगितलं, त्याने ते मोबाईलवरून सांगितलं. सासूबाईंचं निदान पित्त. त्यांच्या मते जगातले निम्मे रोग पित्ताने होतात आणि उरलेले सुनांमुळे.

शेवटी कान आणि तोल यांच्या डॉक्टरीणबाई भेटल्या, तेव्हा कुठे कुणीतरी भाऊजींना विचारलं, "नेमकं काय होतं?" मग त्यांनीच आम्हाला समजावून सांगितलं. स्फोटाच्या हवेचा दणका नुसता बाहेरून लागत नाही. डोक्यात मेंदू हादरतो, कानाच्या आत तोल सांभाळणारी बारीक यंत्रणा असते तीही हादरते. स्कॅनमध्ये ते बरेचदा दिसत नाही. म्हणून ते नसतं असं नाही. व्यायामाने बहुतेकांचं सुधारतं, पण सावकाश. मान एकदम वळवायची नाही, उंचावर जायचं नाही.

कागदावर त्यांनी लिहिलं, मेंदूला सौम्य इजा. सौम्य म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. सौम्य म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यातली.

तर तो 'सौम्य' शब्द साहेबांना कुठूनतरी कळला होता, आणि म्हणूनच स्वारी उगवली होती.

"वरची बाजू उघडतोय आता," त्यांनी चहाचा घोट घेत सांगितलं. "तुझ्या जागी एकाला लावलाय, पण त्याचा आवाज म्हणजे मांजर. तुझ्यासारखा कोणी नाही रे. उद्यापासून वर ये."

"वर म्हणजे पायवाटेवर?" मी विचारलं.

"तिथेच तर काम आहे, वहिनी."

"तिथे कठडा आहे?"

साहेब मनापासून हसले. "खाणीत कठडा?"

"हो ना, कठडा!" होयबाही हसला.

ती पायवाट मी एकदा पाहिलीय. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. बोट टेकवायला भिंत आहे, पण ती भिंत रोज थोडी थोडी फोडायचंच काम तिथे चालतं.

मी भाऊजींकडे पाहिलं. मनात म्हटलं, भाऊजी, भिंतीला म्हणता ते एकदा माणसाला म्हणा.

"येतो की, साहेब," भाऊजी म्हणाले.

"येतो की काय!" सासूबाई चष्मा शोधायचा सोडून पुढे आल्या. "साहेब, याला इथे घरात चालता येत नाही धड. कड्यावरून पडला तर परत कोण देणार मला?"

"आई, तुम्ही उगाच घाबरता. आपण चाचणीच घेऊ ना! ही फरशांमधली रेघ दिसतेय? हिच्यावरून चल रे."

साहेबांचं शिक्षण कशात झालंय मला माहीत नाही, पण मेंदूची तपासणी इतक्या झटपट करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

भाऊजी उठले. बोळाच्या टोकाला गेले. स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून समोर सफरचंदाचं लेबल दिसत होतं. त्यावर त्यांनी नजर लावली आणि चालत आले. पाय अगदी रेघेवर. इतक्या दिवसांची मेहनत होती ती, आणि मला त्या क्षणी त्या मेहनतीचा राग आला.

"बघा!" साहेब म्हणाले. "माझ्यापेक्षा सरळ चालतो!"

"हो साहेब, तुमच्यापेक्षा सरळ," होयबा म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने चहात तोंड घातलं.

"साहेब, समोर बघून चालणं त्यांना जमतं," मी म्हटलं. "ते त्या लेबलाकडे बघत होते. मान हलली की—"

"मग कड्यावर लावू की लेबल! काय रे, एक सफरचंद घेऊन ये उद्या."

"हो साहेब. लाल की हिरवं?"

एवढ्यात आमचे हे पंचा गुंडाळून बाहेर आले, कारण टॉवेल अजून मिळाला नव्हता. साहेबांना बघून परत आत गेले. संकटाच्या वेळी ते असे धावून येतात आणि तसेच परत जातात.

ठरलं म्हणजे ठरलंच. साहेब उठले, दाराशी जाऊन बूट चढवायला लागले. सासूबाई भिंतीवरच्या त्या करड्या रेघेकडे बघत उभ्या होत्या. भाऊजींनी कपांचा ट्रे उचलला आणि आत निघाले. एका हातात ट्रे, दुसऱ्या हाताचं बोट भिंतीला.

दारातून साहेबांनी आवाज दिला, "ए भोंग्या! लवकर ये रे उद्या!"

भाऊजी गर्रकन वळले. मान वर. आमच्या घरात कडा नाही, छत आहे, त्यावर जाळी धरलीय. पण त्यांचे डोळे कडाच शोधत होते. बोट भिंतीवरून सुटलं. ते भिंत चाचपायला लागले, पण वळल्यामुळे भिंत आता त्यांच्या दुसऱ्या बाजूला होती. ट्रे सुटला, कप उडाले, आणि ते कपडे वाळत घालायच्या घोडीसकट, ह्यांच्या ओल्या शर्टांसकट, फरशीवर कोसळले.

मी धावले. ते पालथे पडले होते, डोळे गच्च मिटून, दोन्ही तळवे फरशीला दाबून. फरशीवरूनही खाली पडू नये म्हणून माणूस फरशी धरून ठेवतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"किती झाले?" त्यांनी विचारलं. "बार किती झाले?"

सासूबाई खाली बसल्या आणि त्यांनी लेकाच्या पाठीवर हात ठेवला.

"तोल गेला असेल," साहेब दारातून म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "ट्रे होता ना हातात. कुणाचाही जातो. काय रे?"

प्रश्न होयबाला होता. त्याचं उत्तर आम्हाला सगळ्यांना पाठ होतं.

"नाही साहेब," होयबा म्हणाला.

साहेब एक पाय बुटात आणि एक मोज्यात, तसेच थांबले.

"त्या दिवशी पण असाच वळला होता," होयबा खाली बघत म्हणाला. "तुम्ही हाक मारलीत तेव्हा. मी बघितलंय. तिथे वर असता तर आता..." पुढचं त्याला म्हणता येईना. जन्मभराचे हो खर्च करून एक नाही काढलं होतं त्याने. दम लागणारच.

साहेब परत येऊन खुर्चीत बसले. या वेळी त्यांनी बसण्याआधी विचारलं.

मी कपांचे तुकडे गोळा केले. दोन फुटले होते. आवाज मात्र मला एकच आला होता.

"एकदम फुटले असतील," मी म्हटलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते आपल्या मोज्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वर नको. खाली काट्यावर बस. ट्रकची वजनं बघायची, बसून. डॉक्टरीणबाई म्हणतील तेव्हा ये. तोवर पगारी सुट्टी, ते माझ्याकडे लागलं."

"नक्की ना?" सासूबाईंनी विचारलं.

"नक्की, आई."

"यांच्यासमोर म्हणा," सासूबाईंनी होयबाकडे बोट दाखवलं. काही क्षणांत त्याची पत एवढी वाढली होती.

साहेबांनी होयबासमोर पुन्हा म्हटलं. आमचे हे शर्ट घालून बाहेर आले होते. त्यांनी भावाला काखेत हात घालून बसतं केलं. त्या दिवशी त्यांना विनोद सुचला नाही, एवढं श्रेय मी त्यांना देते.

"आणखी काय पाहिजे ते सांग," साहेब म्हणाले. माणूस एकदा द्यायला लागला की त्याला द्यायची चटक लागते. "काट्यावर चांगली खुर्ची देतो. फिरती."

"फिरती नको," मी घाईने म्हटलं.

"बरं, साधी. पंखा लावू?"

पंखा फिरायला लागला की भाऊजी फिरतात, हे साहेबांना आता कोण सांगणार? सासूबाई पदराआडून खुणा करत होत्या, औषधपाण्याचं बोल. हे खुणा करत होते, लेखी घे. होयबासुद्धा भुवया उंचावून काहीतरी सुचवत होता. आम्ही सगळे भाऊजींच्या तोंडाकडे बघत होतो. मागायची अशी संधी त्यांना पूर्वी मिळाली नव्हती आणि पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती.

भाऊजी उठले, सावकाश. आधी गुडघ्यावर, मग एक हात भिंतीला, मग दुसरा. सफरचंदाच्या लेबलाकडे थोडा वेळ बघत राहिले, खोली जागेवर येईपर्यंत. मग नुसती मान नाही, सगळं अंग वळवून ते साहेबांकडे तोंड करून उभे राहिले. ज्या आवाजाने कडा रिकामा व्हायचा, तो आवाज त्यांनी काढला नाही.

"साहेब, मला मागून हाक मारू नका," ते म्हणाले. "बाकीच्यांनाही सांगा. आई, वहिनी, दादा, तुम्हीही. काम असेल तर समोर या, मला दिसा, आणि मग बोला."